औषध म्हणून आणलेला कुत्रा

"चिडू नका," असं डॉक्टर म्हणाले, आणि शून्यसाहेबांच्या चिडण्याला तिथून खरी सुरुवात झाली.

शून्यसाहेब वजनमापांच्या सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं काम करत होते. दुकानातले काटे, दवाखान्यातले काटे, गोदामातले ट्रकसकट वजन करणारे काटे, सगळे त्यांच्या नजरेखालून गेले होते. यंत्र कुठलंही असो, समोर आलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "आधी शून्य बघा." रिकामा काटा शून्य दाखवत नसेल तर पुढचं सगळं मोजणं व्यर्थ, हे त्यांचं तत्त्व. त्यावरून ऑफिसात पडलेलं नाव इमारतीपर्यंत पोचलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना राग होता. पण मग राग त्यांना कशाचा नव्हता? 'साधारण दहा ग्रॅम' म्हणणाऱ्यांचा होता, 'पाच मिनिटांत आलो' म्हणून अकराव्या मिनिटाला येणाऱ्यांचा होता, जिन्याच्या सतरा पायऱ्यांपैकी नववी पायरी एक सेंटिमीटर उंच बांधणाऱ्या गवंड्याचा तर बावीस वर्षं होता. मात्र हा राग ते कधी ओरडून बाहेर काढत नसत. तो ते शेऱ्यात लिहीत. 'अर्ज अपूर्ण', 'तारखेत खाडाखोड', 'परत पाठवावा'. त्यांच्या अक्षराइतकं शांत अक्षर सबंध खात्यात नव्हतं.

तर, प्रयोगशाळेचे प्रमुख निवृत्त होत होते आणि ज्येष्ठतेनुसार ती खुर्ची शून्यसाहेबांची होती. आड आली वैद्यकीय तपासणी. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे चाळीसच्या खाली हवा, असा नियम. शून्यसाहेबांचा आला एकशे चौपन्न. डॉक्टरांनी चाळीस दिवसांची मुदत दिली. तेव्हाही आकडा चढाच निघाला तर खुर्ची यादीतल्या दुसऱ्या माणसाकडे जाणार होती, आणि दुसरा माणूस होता हसरा. हसरा म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा सहकारी. तो सदैव हसायचा आणि सत्तेचाळीस पूर्णांक सहाला अठ्ठेचाळीस लिहायचा. शून्यसाहेबांच्या मते हे एकाच दुर्गुणाचे दोन प्रकार होते.

"गोळ्या सुरू केल्या तर तसं फॉर्मवर लिहावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "त्यापेक्षा घरात एखादा प्राणी पाळा. त्याच्या अंगावरून हात फिरवला की दाब उतरतो. संशोधन झालंय."

"किती उतरतो?"

"उतरतो."

"पण किती? आणि किती माणसांवर पाहिलंय?"

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "परत चिडलात."

शून्यसाहेब घरी येताना रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊनच आले. दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत नेऊन पाऱ्याच्या स्तंभाशी ताडून पाहिलं. शून्य बरोबर होतं, शंभर बरोबर होतं, दोनशे बरोबर होतं. यंत्रावर तारखेची चिकटपट्टी लावली, एक नवी वही घातली, तीत रकाने आखले: तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, शेरा.

त्यांची बायको शिवणकाम करायची. बाल्कनीलगतच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि गळ्यात कायम मापाची टेप. पहिल्या दिवशी दंडाला पट्टा तिनंच गुंडाळला.

"अहो, फार घट्ट होतोय हा तुम्हाला. टोक कसंबसं चिकटतंय."

"घट्टच असतो तो. त्याशिवाय मोजणार कसा?"

"मीही दिवसभर मोजतेच की. घट्ट बसला की माप चुकतं."

"ते कपड्याचं," शून्यसाहेब म्हणाले. "हे शास्त्र आहे."

बायकोनं टेप गळ्यात सारखी केली आणि ती निघून गेली. तीस वर्षांच्या संसारात ती अशी किती वेळा निघून गेली होती याची मात्र कुठल्या वहीत नोंद नव्हती.

प्राणी कुठला, याबद्दल सल्ले मागावे लागले नाहीत. समोरच्या दारातल्या आजींनी मासे सुचवले, कारण ते उलटून बोलत नाहीत. तळमजल्यावरच्या निवृत्त ड्रायव्हरनं कासव सुचवलं. त्याच्याकडे एक होतं आणि ते चार वर्षांपूर्वी पलंगाखाली गेल्यापासून त्याला अगदी शांत वाटत होतं. कुणी म्हणालं, मांजर पाळा, ते तुमच्याकडे लक्षच देणार नाही, ऑफिसची सवय मोडणार नाही. या प्रत्येक सल्ल्याला शून्यसाहेब एकच प्रश्न विचारत, 'त्यानं किती उतरला?', आणि सल्ला देणारा घरी काम आठवून निघून जाई.

शेवटी ते सोडून दिलेल्या जनावरांच्या निवाऱ्यात गेले. तिथल्या फॉर्मवर प्रश्न होता: 'तुम्हाला कुत्रा कशासाठी हवा?' त्यांनी लिहिलं, 'वरचा दाब १४० च्या खाली आणण्यासाठी.' तिथल्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि एक नऊ वर्षांचा, राखाडी तोंडाचा, एकच कान उभा राहणारा कुत्रा बाहेर आणला. फार शांत आहे, म्हणाल्या. त्याला फक्त एकच गोष्ट सहन होत नाही. ती कुठली, हे त्यांना काही केल्या आठवेना.

शून्यसाहेबांनी वहीत लिहिलं, 'नमुना क्र. १ प्राप्त'. बायकोनं ते वाचलं आणि कुत्र्याचं नाव नमुना पडलं.

आता सेक्रेटरी. इमारतीचे सेक्रेटरी वरच्या मजल्यावर राहत. सूचनाफलक ही त्यांची कर्मभूमी होती. 'जिन्यात सायकल ठेवू नये' हे वाक्य त्यांनी आजवर सहा वेळा, दर वेळी जास्त मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. सायकल त्यांच्याच जावयाची होती. इमारतीत प्राणी पाळायला बंदी होती, पण पोटनियमात एक फट सापडली: वैद्यकीय गरज असल्यास, डॉक्टरांची चिठ्ठी आणि महापालिकेचा परवाना जोडल्यास, तात्पुरती परवानगी द्यावी, आणि गरज संपताच प्राणी हलवावा. सेक्रेटरींनी 'तात्पुरती'खाली दोन रेघा ओढून कागद पुढे केला. दुसऱ्या कुणीही मुकाट्यानं सही केली असती.

"गरज संपताच, म्हणजे कधी?" शून्यसाहेबांनी विचारलं. "शब्द मोघम आहे."

सेक्रेटरी म्हणाले की ते समजून घ्यायचं असतं. समजून घ्यायच्या गोष्टींचा शून्यसाहेबांना विशेष राग होता. त्यांनी पेन काढलं आणि आपल्या शांत अक्षरात, आपल्याच हातानं कागदावर भर घातली: 'वरचा दाब १४० च्या खाली आल्यास गरज संपली असे समजावे.' मग सही, तारीख, वेळ. आपण होऊन पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. धोंड्याचं वजन लिहून ठेवणारा हा पहिलाच.

परवान्याच्या खिडकीवर अर्ज परत आला. कुत्र्याचं वजन प्रमाणित काट्यावरचं हवं होतं. शून्यसाहेबांना हे मनापासून पटलं. नमुन्याला घेऊन ते जनावरांच्या डॉक्टरकडे गेले, काट्याचा शिक्का पाहिला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिक्क्याची मुदत संपून चार महिने झाले होते.

तुम्ही मुक्या प्राण्यांना चुकीच्या वजनावर औषधं देता, लाज नाही वाटत, अशा अर्थाचं ते बरंच बोलले. शब्द सौम्य होते. आवाज मात्र पट्टीनं रेघ ओढल्यासारखा. जनावरांचा डॉक्टर तरुण होता. त्यानं निमूटपणे ऐकून घेतलं.

"पाच महिन्यांपूर्वी अर्ज केलाय साहेब," तो म्हणाला. "तीन वेळा जाऊन आलो. तिथे कुणी शून्यसाहेब म्हणून आहेत, त्यांच्या टेबलावर अडकलाय म्हणे. तारखेत जरा खाडाखोड झाली होती. तुमची ओळख आहे का हो त्यांच्याशी?"

नमुना शून्यसाहेबांकडे पाहत होता. उभा असलेला एक कान त्यानं खाली केला.

"आहे थोडी," शून्यसाहेब म्हणाले.

अर्ज तिसऱ्या ट्रेमध्ये, वरून सतरावा सापडला. शेरा त्यांचाच होता. दोन दिवसांनी ते स्वतः वीस-वीस किलोची प्रमाण वजनं घेऊन डॉक्टरच्या दवाखान्यात गेले. ही वजनं ते तीस वर्षं स्वतःच उचलत आले होते. इतरांच्या उचलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आपटलं की ग्रॅमाचा फरक पडतो. काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. तो दुरुस्त केला, शिक्का मारला, आणि नमुन्याचं वजन भरलं अठरा किलो चारशे. ऑफिसात हसरा हसत म्हणाला, "वा साहेब, माणसांच्या अर्जाला जे जमलं नाही ते कुत्र्यानं केलं." शून्यसाहेबांनी त्या रात्री वहीत एकशे सत्तावन्न लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'हसरा.'

नमुन्याला कुठली एक गोष्ट सहन होत नव्हती, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. रक्तदाबाच्या यंत्राचा पंप. बटण दाबलं, पंप गुणगुणू लागला, की हा मान वर करून असा सूर लावायचा की समोरच्या आजी आपलं दार उघडून विचारायच्या, कोण गेलं?

आता ज्या यंत्रानं कुत्र्याचा उपयोग मोजायचा त्या यंत्रानंच कुत्रा रडणार असेल तर प्रयोग करायचा कसा? शून्यसाहेबांनी तोड काढली. कुत्रा आत, आपण यंत्र घेऊन बाहेर जिन्याच्या चौकात. दहा मिनिटं कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, मग बाहेर येऊन, दार लावून, पाच मिनिटं स्वस्थ बसून मोजायचं.

जिन्यात दंडाला पट्टा बांधून बसलेला माणूस दिसला की लोक थांबतातच. आजी थांबल्या. "बघू माझा," म्हणाल्या. मग ड्रायव्हर आला. आठवड्याभरात संध्याकाळी सहा ते सात जिन्यात दवाखाना भरू लागला. शून्यसाहेबांचा संताप होत होता, पण आकडे फुकट मिळत असताना न लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी प्रत्येकाला वेगळं पान दिलं. आधी मोजणी, मग आत जाऊन कुत्र्याजवळ दहा मिनिटं, मग परत मोजणी. आजींचा नऊनं उतरला. ड्रायव्हरचा सातनं.

दवाखान्याच्या पाचव्या दिवशी सेक्रेटरी तणतणत खाली आले. कुत्र्याच्या रडण्याची लेखी तक्रार त्यांच्या हातात होती. त्यांनीच केलेली, त्यांनाच उद्देशून. "बसा," शून्यसाहेब म्हणाले आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे बासष्ट. सेक्रेटरींचा चेहरा पडला. त्यांना आत नेऊन बसवलं. नमुना आला, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि हनुवटी त्यांच्या चपलेवर ठेवून झोपी गेला. सेक्रेटरी दहा मिनिटं पाय न हलवता बसून राहिले. बाहेर आल्यावर एकशे अठ्ठेचाळीस. तक्रार त्यांनी खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना येऊन बसले. असे ते अकरा संध्याकाळी आले.

सगळ्या इमारतीचा दाब उतरत होता. उतरत नव्हता तो एकट्या शून्यसाहेबांचा. एकशे बावन्न, एकशे एक्कावन्न, एकशे त्रेपन्न, एकशे पन्नास. कुत्रा आणला त्यांनी, परवाना काढला त्यांनी, पहाटे थंडीत फिरायला नेत होते तेच, आणि गुण येत होता ज्यांनी त्याला बिस्किटाचा तुकडासुद्धा दिला नव्हता त्यांना. सकाळी फिरताना ते हे सगळं नमुन्याला सांगत. हसऱ्यानं काल कुठला अपूर्णांक गिळला, महापालिकेनं दिव्याच्या दोन खांबांमधलं अंतर कसं चुकवलं. नमुना उभा कान त्यांच्याकडे करून चालायचा. त्यांच्या बोलण्यात इतका वेळ कुणी मध्ये बोललं नाही असं याआधी कधी झालं नव्हतं. घरी परतल्यावर बायको विचारायची, "आज एवढा उशीर?" तर ते म्हणायचे, "तो चालत नव्हता." हे धादांत खोटं होतं आणि कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं.

तपासणीला तीन दिवस उरले होते. बायको नमुन्यासाठी उबदार जाकीट शिवायला बसली होती. टेप त्याच्या छातीभोवती होती, शून्यसाहेबांचा पट्टा टेबलावर पसरलेला होता, आणि मापांचे आकडे दिसले की वाचायचे ही तिची सवय.

"अहो, यावर हे काय छापलंय?" ती म्हणाली. "दंड, बावीस ते बत्तीस सेंटिमीटर."

"असेल."

"तुमचा दंड साडेचौदा इंच आहे."

शून्यसाहेबांनी मान वर केली. छत्तीस पूर्णांक आठ, हा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप झाला आणि तिथेच थांबला.

"तुला कसं माहीत?"

"तीस वर्षं तुमचे शर्ट कोण शिवतंय? दोन्ही बाह्या पाऊण इंच जास्त कापते. ती लोखंडं उचलून उचलून झालेत दंड." तिनं टेप कुत्र्याच्या छातीवरून काढली आणि त्यांच्या दंडाला लावली. साडेचौदा. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, पट्टा लहान होतोय."

"घट्ट म्हणाली होतीस."

"बरं. घट्ट."

औषधांच्या दुकानातून मोठा पट्टा आणला. पाच मिनिटं बसून मोजलं. एकशे चौतीस. शून्यसाहेबांना इतका राग आला की दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा एकशे एकोणचाळीस आलं. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब आहे त्याहून जास्त दिसतो. इतकी साधी गोष्ट. यंत्र त्यांनी पाऱ्याशी ताडलं होतं. शून्य पाहिलं होतं. फक्त ज्याला मोजायचं त्या माणसाचं माप कुणी घेतलं नव्हतं. सगळ्या गावाचे काटे सरळ करणाऱ्याच्या घरात, दिव्याखाली, हा एवढा अंधार.

"म्हणजे तुम्हाला काही झालेलंच नव्हतं," बायको म्हणाली. मग तिचं लक्ष नमुन्याकडे गेलं. अर्धवट शिवलेल्या जाकिटात तो उभा होता. "मग याचं काय?"

दाराच्या मागे सेक्रेटरींचा कागद लावलेला होता. शेवटची ओळ इथूनही वाचता येत होती. अक्षर फार स्वच्छ होतं.

शून्यसाहेब तीन दिवस गप्प होते. गप्प राहणं सोपं होतं. तपासणीत डॉक्टरांकडचा तसलाच लहान पट्टा बांधला जाणार, एकशे पन्नास येणार, कुत्रा घरात राहणार. खुर्ची हसऱ्याला जाणार, आणि पुढे या शहरातला प्रत्येक किलो साधारण एक किलो होणार. बोलले, तर खुर्ची मिळणार आणि कुत्रा जाणार.

"नाही बोललात तर?" तपासणीच्या सकाळी बायकोनं विचारलं.

"तर चुकीचं माप खरं ठरेल."

"आणि बोललात तर?"

ते खाली बसून नमुन्याच्या जाकिटाची बटणं लावू लागले. चार बटणं होती, त्यांना बराच वेळ लागला.

तपासणीच्या खोलीत सिस्टरनी तसलाच लहान पट्टा काढला. दंडाला गुंडाळला, टोक जेमतेम चिकटलं आणि चर्रकन सुटलं. त्यांनी तो आणखी ओढून बसवला. "हाताची घडी घालू नका, शांत बसा," म्हणाल्या आणि पंपाकडे हात नेला.

"थांबा," शून्यसाहेब म्हणाले.

त्यांनी खिशातून बायकोची टेप काढली. आपला दंड आपणच मोजला आणि आकडा सिस्टरांच्या डोळ्यांसमोर धरला. मग पट्टा उलटा करून त्यावर छापलेली ओळ डॉक्टरांना मोठ्यानं वाचायला लावली. आणि मग तीस वर्षं शेऱ्यांत जिरवलेला राग पहिल्यांदाच आवाजात बाहेर आला. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनी नंतर सांगितलं की शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"या खोलीत हमाल येतात, ड्रायव्हर येतात, गोदामातली माणसं येतात. त्यांचे दंड काय बावीस ते बत्तीस असतात? किती जणांना तुम्ही याच पट्ट्यावर गोळ्या लिहून दिल्यात? किती जणांच्या नोकऱ्या गेल्या? वाणी पाच ग्रॅम मारतो तर आम्ही त्याचं दुकान बंद करतो. आणि तुम्ही मला सांगता, चिडू नका? मी चिडणार. मोजता येत नसेल तर मोजू नका, आणि मोजायचं असेल तर आधी माणूस बघा."

 सिस्टरनी कपाट उघडलं. मोठा पट्टा तिथे होता, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेला. डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, दहा मिनिटं बसा.

दहा मिनिटांनी एकशे छत्तीस. डॉक्टरांनी 'पात्र' असा शिक्का मारला आणि काहीतरी गोड बोलावं म्हणून म्हणाले, "कुत्र्याचाही उपयोग झालाच म्हणायचा."

"जुन्याच पट्ट्यावर चौपन्नचे पन्नास झाले. चारचा फरक," शून्यसाहेब म्हणाले. "तो मोजण्याच्या चुकीत मोडतो. कुत्र्याचा काही संबंध नाही."

हे बोलून ते जिना उतरले, आणि आपण कुणाची तरी पाठीमागे निंदा केली असं त्यांना घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं.

संध्याकाळी त्यांनी सेक्रेटरींच्या नावानं पत्र लिहिलं: 'वरचा दाब १४० च्या खाली आला आहे. सबब गरज संपली आहे.' बायको म्हणाली, उद्या द्या. ते म्हणाले, आजची तारीख घातली आहे. पत्र, वही आणि टेप घेऊन ते वर गेले. नमुना न बोलावता मागोमाग आला. नवव्या पायरीला अडखळला आणि शून्यसाहेबांनी त्या गवंड्याला मनात पुन्हा एकदा धारेवर धरलं.

सेक्रेटरींनी पत्र वाचलं. मग खाली पाहिलं. नमुन्यानं त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवली होती. "नियम आहे," ते म्हणाले, पण आवाज सूचनाफलकाचा नव्हता. "आता... कधीपर्यंत हलवणार?"

"दंड पुढे करा," शून्यसाहेब म्हणाले.

"काय?"

"दंड. माप घ्यायचंय."

त्यांच्या चेहऱ्यावर असा काही राग होता की सेक्रेटरींनी बाही वर केली. सत्तावीस सेंटिमीटर. शून्यसाहेबांनी दुसऱ्यांदा मोजलं. सत्तावीसच. त्यांनी वही उघडून सेक्रेटरींचं पान पुढे केलं.

"माझे आकडे खोटे होते. तुमचा दंड पट्ट्यात बसतो, म्हणजे तुमचे अकराच्या अकरा खरे आहेत. कुत्र्याआधी बासष्ट, साठ, चौसष्ट. नंतर अठ्ठेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. माझी गरज संपली. तुमची चालू आहे."

"पण मी पडलो सेक्रेटरी. मीच मला परवानगी—"

"मी सांगते," आतून सेक्रेटरींच्या बायकोचा आवाज आला. त्या हात पुसत दारात आल्या. "अकरा दिवस झाले, हे घरात एकदाही ओरडले नाहीत. काय हवा तो कागद आणा, ह्यांनी सही नाही केली तर मी करते."

मग कागद झाला. वैद्यकीय गरज सेक्रेटरींची. मुक्काम खालच्या मजल्यावर, कारण वर जावयाच्या सायकलीमुळे जागा नव्हती. रोज संध्याकाळी सहा ते सात कुत्रा वर पाठवावा. 'गरज संपताच प्राणी हलवावा' इथपर्यंत आल्यावर सेक्रेटरींचं पेन थांबलं. गेल्या वेळचा धडा त्यांच्या लक्षात होता.

"गरज संपताच, म्हणजे किती लिहू?"

शून्यसाहेबांनी नमुन्याकडे पाहिलं. त्याचा एक कान उभा होता.

"ते असू द्या मोघम," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नमुना सहा वाजता वर गेला. जाताना मागे वळून बघेल असं शून्यसाहेबांना वाटलं होतं. त्यानं पाहिलं नाही. सातला पाच कमी असताना त्यांनी यंत्र काढलं. आता जिन्यात जायची गरज नव्हती. घरातल्या टेबलावर बसून मोठा पट्टा बांधला, पाच मिनिटं स्वस्थ बसले, बटण दाबलं. पंप गुणगुणला. कुणीही रडलं नाही. इतक्या शांततेत त्यांनी याआधी कधी मोजलं नव्हतं.

एकशे सेहेचाळीस.

"पट्टा नीट बसलाय?" बायकोनं शिवणाच्या खोलीतून विचारलं.

"बसलाय."

"शून्य बघितलंत?"

"बघितलं."

त्यांनी आकडा वहीत लिहिला. आयुष्यातला पहिला खरा चढलेला आकडा. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थोडा वेळ अडलं, मग त्यांनी लिहिलं, 'नमुना घरी नाही.'

मग घड्याळाकडे पाहिलं आणि टेबलावर मूठ आपटली. सात वाजून सहा मिनिटं झाली होती. तासभर म्हणजे तासभर; माणसांना साधं साठपर्यंत मोजता येत नाही. ते चपला न घालताच दार उघडून जिन्याकडे निघाले.